दुपारचा फोन

कान चित्रपट महोत्सवाच्या शेवटच्या दुपारी तिथल्या स्टेशनवर मिरेय तिकिटाच्या रांगेत उभी होती. पुढे एक सिनेमावाला आणि त्याचा मेहुणा बोलत होते.

“दाजी, थोडं थांबू या की.”

“दोन वाजले, बास्तियाँ. बक्षीस असलं तर बारापर्यंत फोन येतो, संध्याकाळी थांबा म्हणून. आपल्याला नाही आला.”

“ताईला काय सांगणार? तिकडे लियोंच्या दवाखान्यात लिपस्टिक लावून बसलीय ती.”

“थांब, तिचाच फोन... हं, सोलेन? आला, आला! तुलाच अगं, सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं. रडतेस काय, वेडे? हो, मीच घेणार तुझ्या वतीनं. पड आता जरा.”

“दाजी! संध्याकाळी टीव्ही लावेल ना ती!”

“नाही लावणार.”

“म्हणजे?”

“मघाशी डॉक्टरांचा फोन आला होता. संध्याकाळपर्यंत राहायची नाही म्हणाले.”

“आणि मला आत्ता सांगताय?”

“पुढचे कोण?” खिडकीतून बाईंनी विचारलं.

“लियोंची दोन द्या. पहिली मिळेल ती गाडी.”

“साडेपाचची आहे.”

“त्याच्या आधीची?”

“सगळ्या भरल्यात, साहेब.”

“माझं तिकीट घ्या,” मिरेय म्हणाली. “लियोंचंच, तीनचं आहे. बदलायलाच आले होते.”

“एकच?”

“एकच.”

ते खोटं तिच्यासमोर एकट्यानं निभवायला दोघांपैकी कुणीच हात पुढे केला नाही.