हप्त्याचा मिक्सर

ताई : आणि हे खोकं कसलं? जेवायच्या टेबलावर नको ठेवूस.

धाकटा : मिक्सर आहे. हप्त्यावर घेतला.

ताई : घरात मिक्सर आहे की, चांगला ठणठणीत!

धाकटा : मिक्सर नकोच होता गं. हप्ता हवा होता.

ताई : डोकं ठिकाणावर आहे ना? याच हप्त्यांपायी सोफ्यांचं दुकान बुडवलंस. कोर्टाने दिवाळखोर म्हणून शिक्का मारला.

धाकटा : तीच तर अडचण. त्या शिक्क्यानंतर कागदोपत्री मी कोणाचं काहीच देणं लागत नाही. आणि अशा माणसावर बँक विश्वास ठेवत नाही.

ताई : मग कोणावर ठेवते?

धाकटा : कर्ज काढून फेडणाऱ्यावर. बँकेतल्या बाईंनी समजावलं ना. आधी त्यांच्याकडे माझे पैसे ठेवायचे. मग त्यातलेच थोडे त्या मला कार्डावर उसने देणार.

ताई : तुझेच पैसे, तुलाच उसने?

धाकटा : उशीर झाला तर व्याजही.

ताई : आणि त्या काय करणार?

धाकटा : लक्ष ठेवणार. म्हणून मी दर आठवड्याला कार्डावर एक साबण घेतो आणि लगेच फेडून टाकतो.

ताई : तरीच बाथरूममध्ये साबणांची चळत लागलीय! मला वाटलं, स्वच्छतेचं खूळ घेतलंस.

धाकटा : हसू नकोस. स्कोअर केवढा वाढलाय माझा!

ताई : वाढणारच. एवढ्या साबणाने कोणीही धुऊन निघेल. बरं, खिशातून तो कागद डोकावतोय, तो कसला?

धाकटा : खोली बघितलीय. नोकरीच्या जवळच. एकच खिडकी आहे, पण तुझ्या कोचावर किती दिवस लोळू? घरमालक म्हणाला, स्कोअर छान आहे, फक्त जामीन आणा.

ताई : म्हणजे माझी सही.

धाकटा : हो.

ताई : मिळायची नाही. दुधाने तोंड पोळलंय माझं. गेल्या खेपेला हातातल्या बांगड्या काढून दिल्या तुला. ना चिठ्ठी, ना चपाटी.

धाकटा : विसरलो नाहीये मी.

ताई : विसरलास! कोर्टात यादी वाचली, तेव्हा मी मागच्या बाकावर होते.

धाकटा : तू आली होतीस?

ताई : ज्यांचे ज्यांचे पैसे अडकले, त्या सगळ्यांची नावं वाचली. फोमवाला, कापडवाला, टेम्पोवाला. अरे, कोपऱ्यावरचा चहावालासुद्धा होता! माझंच नाव नव्हतं. चहावाल्याएवढीही किंमत नाही का रे माझी? फार लागलं मला.

धाकटा : वकील म्हणाले होते, बहिणीचंही लिहा. मीच नको म्हटलं.

ताई : का?

धाकटा : यादीत जे जे आलं ते सगळं माफ झालं, ताई.

ताई : ...म्हणजे माझ्या बांगड्या?

धाकटा : अजून द्यायच्या आहेत. तेवढं एकच देणं उरलंय. बँकेला ते दिसत नाही, त्याचे गुण मिळत नाहीत.

ताई : बँकेला काय दिसतंय, साबण! आण तो कागद इकडे. पेन आहे का?

धाकटा : आहे.

ताई : आणि हे खोकं फोडू नकोस. खोलीवर घेऊन जा. तिथे लागेल तुला.