बाकावरच्या पोरीची मूठ

न्हाई म्हणलं ना सर, मग पोरीला तुमच्या अकादमीत न्यायचा तो कागद पुन्हा पुन्हा माझ्याकडं कावून सरकवता? विभूतीवर ठेवू नका, राख लागंल. सही बापानं करायची असती, ठाऊक हाय मला — पण रविला विचारलं तर माझा पोरगा काय म्हणला? आप्पाला विचारा. विचारलं, मी न्हाई म्हणलं, झालं. तुमी काय पहिले न्हाईत, ह्या महिन्यातले चौथे. एक बाई हैदराबादेहून आल्या, एक रेल्वेवाले आले, एकजण तर म्हणला आमी पोरीला बूट देतो — मी म्हणलं, माझी नात रुद्राणी काय अनवाणी दिसली का तुमाला? सोळा वर्षांची हाय, सहा फूट एक इंच, ह्या पूजेच्या सामानाच्या दुकानात वाकून येती. बास्केटबॉल खेळती म्हणून सगळ्यांना पाहिजे. शेजारचा नाथा बेलवाला रोज विचारतो, आप्पा, आज कुठले आले? जसं काय मी स्थळं बघायलोय.

खाण्याचं? ते सोडा. अंड्याबिगर ताकद येत न्हाई म्हणतेत तुमचे लोक — आमच्या घरात अंडं आलं न्हाई, आली का न्हाई ताकद? माझं दुसरंच हाय. हे बघा, माझ्या गळ्यात काय हाय? इष्टलिंग. तिच्याबी गळ्यात हाय. आठव्या वर्षी स्वामींनी दीक्षा देऊन बांधलं. अंगावेगळं करायचं न्हाई — आंघोळीला न्हाई, झोपताना न्हाई. मेल्यावरबी सोबत मातीत जातं. आन् तुमचा पंच म्हणतो, गळ्यातलं काढ न्हाईतर बाहेर बस. नियम हाय म्हणं. असंल. आमचाबी हाय.

फायनल खेळून घरी येऊन म्हणली, "आप्पा, आत कापडात बांधून खेळले, पंच काय बोलला न्हाई." दोन महिने झाले, हेच. रोज सकाळी माझ्यासमोर पूजेला बसती, तळहातावर देव घेती, डोळे मिटती — आन् मी तिच्या तोंडाकडं बघतो, आज सांगंल, आज सांगंल. न्हाई सांगत, की काढलं होतं.

मला कसं ठाऊक? कसं म्हणजे — हाय ठाऊक. कुणी सांगितलं न्हाई. मी बघितलं. फायनलला नांदेडला गेलतो. घरी म्हणलं कपिलधारला दर्शनाला चाललो, आन् बसलो रेल्वेत. हो, खोटं बोललो, ह्या वयात, देवाचं नाव घेऊन. हसू नका. टोपी खिशात घातली, रुमाल गुंडाळला, सगळ्यात वरच्या पायरीवर बसलो, तिला दिसू नये म्हणून. कावून? अहो, दिवसभर "पोरीच्या जातीनं काय बॉल बडवायचा" म्हणणारा मी — काय तोंड दाखवणार होतो?

पंचानं तिच्या गळ्याकडं बोट दाखवलं. तिनं इकडंतिकडं बघितलं. मग बाकावर एक बुटकी पोरगी बसलेली, आरोही, केजची — तिला बाटलीच्या पाण्यानं हात धुवायला लावले, गळ्यातलं काढलं, तिच्या मुठीत दिलं. आन् मग सर, लोकं माझ्या नातीकडं बघायलेत, ओरडायलेत, तुमच्यासारखे वह्यांत लिहायलेत — मी त्या पोरीची मूठ बघायलोय. पोरगी डाव्या हातानं मांडीवर थाप मारायची, उजवी मूठ उघडली न्हाई. घाम पुसला तो डाव्यानं. आमच्या जातीची न्हाई, काय न्हाई. किती गुण झाले नातीचे, एकतीस? असतील. मी एकबी बघितला न्हाई.

काढल्याचा राग न्हाई. हाय — थोडा हाय. पण एवढं नीट केलंस, मग माझ्यापाशी खोटं कावून? मी काय खाणार होतो तुला? खाल्लंबी असतं. बरं. पण ती आपणहून सांगंल त्या दिवशी मी रविला म्हणतो, कर सही. तोवर न्हाई. मी विचारू? मग नांदेडचं मला सांगावं लागंल. ते जमायचं न्हाई. आन् तुमच्या तिकडं तिचा देव कोण धरंल? लॉकरमदी? कुलूप लावून? वा.

आता मागं काय बघायलात? कोण आलंय?

कवापासून उभी हायस रुद्राणी?

सर, चहा राहू द्या. कागद घ्या, बूट घाला. उठा म्हणलं ना — आमाला बोलायचंय.