तळटीप क्रमांक तीन

...म्हणून म्हणतो, न्याय जरूर शिकवावा, पण शेजाऱ्यांच्या मुलांना. आपल्या घरात शिकवलात, की पहिला खटला आपल्यावरच उभा राहतो. तुम्हाला सांगतो, आमची कन्या दहा वर्षांची. केक कापायचा तरी पट्टी घेऊन बसते, आणि मी मूर्खासारखा आल्यागेल्याला सांगायचो, बघा, या वयात काय ही समतेची जाण... भोगतोय आता.

झालं काय, माझ्या लोककथासंग्रहाची मुद्रितं घरी आली. बारा वर्षांचं काम. एकशे साठ कथा, त्यांचं वर्गीकरण, पाठभेद, सगळं यथासांग. संध्याकाळी पाचला छपाईला जायचं, मी जेवणाच्या टेबलावर शेवटचा हात फिरवतोय, तेवढ्यात ही आली.

"बाबा, या गोष्टी तू रचल्यास?"

"नाही गं, संकलित केल्या."

"म्हणजे ऐकल्यास. कुणाकडून?"

"आमच्या ग्रंथालयात फरशी पुसतात ना, त्या मावशींकडून. मधल्या सुट्टीत सांगायच्या."

"मग त्यांचं नाव कुठंय?"

मी मोठ्या ऐटीत पान दोनशे चौदा उघडलं. तळटीप तीन: 'निवेदिका: एक वृद्ध स्त्री.' तिनं ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, "एक?"

आता या 'एक'ला काय उत्तर द्यायचं, सांगा. मी शास्त्र काढलं. म्हटलं, बाळ, लोकसाहित्य कुणा एकट्याचं नसतं, ते समस्त लोकांचं असतं, म्हणून त्याला कर्ता नसतो... तर शांतपणे विचारते, "मग वर तुझं नाव का आहे? तू लोक नाहीस?"

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज, "सूची कुणी केली तेही विचार गं."

म्हणजे घरात वकीलही दोन. न्याय शिकवावा, पण शेजाऱ्यांच्या मुलांना!

शेवटी प्रकाशकांना फोन लावला. ते म्हणाले, "घालू की, नाव सांगा." मी तोंड उघडलं... आणि उघडंच राहिलं. बारा वर्षं, एकशे साठ कथा, सावत्र राण्यांपासून बोलक्या पोपटांपर्यंत सगळ्यांची नोंद, आणि मावशींचं नाव मला ठाऊक नाही. 'मावशी' म्हटलं की त्या ओ द्यायच्या, मग विचारतो कोण? मुलगी माझ्याकडे बघत होती. ओरडली असती तर परवडलं असतं.

निघालो दोघं. मावशी पुस्तकांच्या कपाटांमागे पोछा मारत होत्या, मी नेमका ओल्या फरशीवर उभा.

"मावशी, तुमचं नाव काय?"

त्यांनी पोछा भिंतीला टेकवला. "का सर, कामावरून काढताय?"

तुम्हाला सांगतो, एवढ्या परिषदांत माझे निबंध लोकांनी फाडून खाल्लेत, पण इतका खाली कधी आलो नाही. कन्येनं सगळं समजावलं. मावशींनी पदराला हात पुसले, नाव सांगितलं, नीट, पूर्ण, मग थांबून म्हणाल्या, "आईचंही घाला. गोष्टी तिच्या. मी नुसत्या सांभाळल्या." आणि आईचं नाव उच्चारताना त्यांचा आवाज जरा निराळाच लागला, मी उगाच चष्मा पुसला.

तिथूनच प्रकाशकांना फोनवर दोन्ही नावं कळवली. ते म्हणाले, "मुखपृष्ठ भरलं हो. तुमचं कुठे बसवू?"

मी म्हटलं, बारीक टाइपात कुठेही... तर कन्या मध्ये पडली. "थांब बाबा. तू मावशींना न विचारता त्यांच्याबद्दल लिहिलंस. आता तुझ्याबद्दल काय लिहायचं ते त्या सांगतील. मावशी, यांचं नाव काय?"

मावशींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "नाव नाही बाई माहीत. सगळे सर म्हणतात."

आता बोला. बारा वर्षं आम्ही समोरासमोर, दोघंही बिननावाचे. फिटंफाट! पण पुस्तक आलंय, सुरेख झालंय, अवश्य घ्या. मुखपृष्ठावर मायलेकी आहेत; सूची आमच्या हिच्या नावावर आहे, ठळक टाइपात. मला शोधायचं असेल तर थेट पान दोनशे चौदा, तळटीप तीन: 'लेखनिक: एक मध्यमवयीन पुरुष.'

त्यातलं 'मध्यमवयीन' ही मावशींची कृपा. न्याय करताना पोरीनं 'वृद्ध' लिहिलं होतं.