चुऱ्याचे बोललो नाही

मी अमृत भिकन मिस्तरी, वय ४६ वर्षे, धंदा गॅरेज, रा. पारोळा रोड, धुळे. कोणी बोलावले नसताना स्वतः पोलीस ठाण्यात हजर होऊन सांगतो की,

माझा धाकटा भाऊ नवल माझ्याच गॅरेजमध्ये काम करत होता. मंगळवारी तो सुट्टीवर असताना शिंदखेड्याच्या जितेंद्र यांची दोन सीटची जुनी परदेशी स्पोर्ट्स कार सर्व्हिसिंगला आली. या मॉडेलच्या इंजिनात एक बेअरिंग आहे. ते तुटले की चालत्या गाडीत इंजिन जाम होते, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मी ऑइल फिल्टर कापून पाहिला. आत चमकणारा चुरा निघाला, म्हणजे बेअरिंग झिजायला लागले होते. तो फिल्टर गॅरेजमध्ये आहे, जप्त करावा.

बुधवारी दुपारी जितेंद्र हळदीच्या अंगाने गाडी न्यायला आले. इंजिन उतरवावे लागेल, आठ दिवस लागतील, असे मी सांगितले. ते म्हणाले, "उद्या लगीन शे, भाऊ. आते इंजिन खोलं ते मी काय रिक्षामा जाऊ?" चावी माझ्या खिशात होती. असली गाडी धुळ्यात माझ्याकडेच येते याची मला फार घमेंड होती. गिऱ्हाईक तुटेल म्हणून मी कच खाल्ली. नुसते ऑइल बदलले आणि सत्तरच्या पुढे जाऊ नका म्हणालो.

तेवढ्यात त्यांचे वडील मोतीलाल यांचा फोन आला, की हळद लागलेल्या नवरदेवाला एकटे पाठवू नका. मला ते बरेच वाटले. मी नवलला शेजारी बसवले. आवाज आला तर गाडी बाजूला घ्यायला लाव, एवढेच सांगितले. चुऱ्याचे बोललो नाही. बोललो असतो तर त्याने गाडी हलूच दिली नसती. "दादा, मी बठस ना, तू घोर करू नको," असे तो म्हणाला.

सव्वापाचला नरडाण्याजवळ इंजिन जाम झाले आणि गाडी रस्त्यात आडवी झाली. मागच्या ट्रकला थांबायला जागाच नव्हती. जितेंद्र यांचा हात मोडला. नवल जागीच गेला.

नवलची बायको कोकिळा हिने ट्रकचालक फारुख यांच्यावर फिर्याद दिली, तेव्हा मी तिच्या शेजारी मुकाट उभा होतो. फारुख यांची काही चूक नाही. मी काय करू, साहेब?

मला लिहिता-वाचता येते. तरीही हा जबाब मोठ्याने वाचावा, अशी मी विनंती केली. कोकिळा बाहेर बाकावर बसली आहे आणि दार उघडे आहे. तिला सांगायला माझे तोंड उघडत नाही. विनंतीप्रमाणे मोठ्याने वाचला. मी सांगितला तसाच आहे.