रिझर्व्हच्याही रिझर्व्हमधी

हसाचं तं हसा, पण हे माह्यासोबत खरंच झालं. मी मुंबईच्या एका पगारी फुटबॉल क्लबच्या रिझर्व्ह टीममधी होतो. ती टीम एकदा आमच्या गावाले, पिंपळगाव राजाले, तिथल्या पोरांसोबत मैत्रीचा सामना खेळाले आली. बाबानं मले पाहाले सारं गाव गोळा केलं, अन् कोचनं मले बाकावर बसवलं.

इकडं गावाच्या टीमकडून माह्या लहान्या भावानं, गण्यानं, हाफटाइमच्या आधीच आमच्यावर गोल मारला. हाफटाइमले कोच बाबाजवळ गेले. "काका, या मुलाला आमच्या क्लबमध्ये पाठवता का?"

बाबा म्हणे, "साहेब, याचा मोठा भाऊ तुमीच नेला. तो तं अजून बाकावरच बसून हाये. आधी त्याले खेळवा, मंग याचं पाहू."

कोचनं मले मैदानात उतरवलं. साऱ्या गावानं टाळ्या वाजवल्या, माही छाती फुगली. थोड्याच वेळात गण्यानं बॉल माह्या दोन पायांमधून काढला अन् दुसरा गोल ठोकला.

बाबा उठून कोचजवळ गेले अन् हळूच म्हणाले, "साहेब, तुमचंच बरोबर होतं."