पेट्रोल न पिणारी मोटार

लातूर नवा जिल्हा झाला, पण आमच्या गल्लीला पाणी टँकरचंच. लाइनीत माझ्या पुढं वीरभद्र आन् म्हातारे मकसूदभाई. शेजारी वीरभद्रानं स्वतः बनवलेली, पायडलवर चालणारी पत्र्याची तीनचाकी मोटार. मकसूदभाईंनी विषय काढला, मी कान टवकारले.

"काय वीरभद्रा, मोटार काय म्हणती?"

"झकास! पेट्रोलचा थेंब लागत न्हाई."

"मग तोंड का असं?"

"पेट्रोलच्या जागी मीच पाणी पिऊन राहिलो ना. आत पत्रा लई तापतो. काल हितून दोन घागरी भरून निघालो, घरी पोचली दीड."

"या अल्ला! अर्धी घागर तूच पिलास?"

"थोडं डोक्यावर ओतलं. बायको महादेवी म्हणली, आज दोन्ही घागरी भरलेल्या आल्या न्हाईत तर मोटार भंगारात. सहा महिने ठोकून बनवली हो मी!"

"मग आज पिऊ नको."

"माझा मलाच भरवसा न्हाई. मकसूदभाई, तुमचा रोजा हाय ना?"

"हाव."

"मग तुम्हीच चालवा. तुम्ही पाण्याला शिवणार न्हाई. मी मागं घागरी धरून बसतो."

"चालवतो की. पण तू मोटारीच्या पुढं पायी चाल, मला दिसशील असा."