नानांनी चार वर्षं मागितलेली बातमी

बसा मंडळी, बसा. पुढच्यांनी जरा सरकून घ्या, दारातल्या आयाबहिणींना सतरंजीवर जागा होऊ द्या.

नानी, गाव सोडून इथे गुजरातेत भेस्तानला आलेल्या भावांनो, माझ्या बहिणींनो, आणि पाळी बदलून घेऊन आलेल्या कारागिरांनो. नगरसेवक आहे मी, बोलायचंच खातो. शामरावनानांना जाऊन पाच दिवस झाले. आपलं 'शेजार' साप्ताहिक लिहिणारे नाना, छापखान्यात खिळे जुळवणारे नाना, आणि सायकलवरून वाटणारेही नानाच. पण आज कुठून सुरुवात करू?

तुम्ही म्हणाल, सगळ्यांत आधी हा भटू का उठला? हा तर नानांशी जन्मभर भांडला! अहो, म्हणूनच उठलो. आपल्यात कुणी गेलं की सभा नाना बोलवायचे. आणि पहिलं कुणाला उभं करायचे? मयताशी ज्याचं वाकडं होतं त्याला. म्हणायचे, "गोड बोलणाऱ्यांची रांग लागते. भांडलेल्याला काही चांगलं आठवलं, तर ते खरं." हसा, हसा. नानांच्या सभेत हसायला कधी बंदी नव्हती.

तर माझं भांडण. आम्ही दोघे एकाच निवडणुकीला उभे. माझी पत्रकं छापायची कुठे? बाकीचे छापखाने कॉम्प्युटरकडे गेले, पण या भागात मराठी छपाई एकट्या नानांकडे. गेलो बापडा मान खाली घालून. नानांनी पत्रक वाचलं. म्हणाले, "भटू, नळ देईन म्हणतोस, कधी देणार ते लिहिलंच नाहीस. लोक विचारतील." आणि विरोधी उमेदवाराने, मंडळी, माझ्या पत्रकात स्वतःच्या हाताने 'सहा महिन्यांत' हे शब्द घातले! मी निवडून आलो. नाना पडले. सातव्या महिन्यात 'शेजार'च्या पहिल्या पानावर माझं पत्रक जसंच्या तसं. खाली एक ओळ, 'नळ अजून कोरडा आहे.' आठवडाभर माझी बायको मला पाणी देईना. म्हणे, नळाला येईल तेव्हा प्या.

हे झालं गमतीचं. आता शाळेचं ऐका.

निवडणुकीनंतरच्या श्रावणात कानबाईच्या सणाला आपण सगळे गावी गेलो. जातोच. कानबाईला इथे कोण थांबतं? आणि नेमके कानबाईच्या विसर्जनाच्या सोमवारी शिक्षण खात्याचे साहेब आपली मराठी शाळा बघायला आले. वर्गात एक मास्तर आणि दोन पोरं. साहेब म्हणाले, "छोकराओ ज नथी, तो निशाळ शुं काम?" पोरंच नाहीत, तर शाळा कशाला? बंद करायचा कागद निघाला.

नानांनी काय केलं? मोर्चा नाही, घोषणा नाही. नाना आणि नानी खोली-खोली फिरले. पुढचा अंक निघाला तो चारही पानं नुसती नावं. पोराचं नाव, बापाचं नाव, खोली, इयत्ता. जाहिरात नाही, अग्रलेख नाही. अहो, तोवर आपली नावं छापून यायची ती फक्त लग्नपत्रिकेत. माझ्या चुलतभावाने तर तो अंक देव्हाऱ्यात ठेवला. साहेब पुन्हा आले तेव्हा पोरं वर्गात मावेनात. प्रत्येकाच्या हातात अंक, आणि बोट आपापल्या नावावर. साहेबांना मराठी वाचता येत नव्हतं, पण बोटं मोजता येत होती. शाळा राहिली.

तुम्ही मला हार घातला. आठवतं? आपल्या नगरसेवकाने शाळा वाचवली म्हणून. मी घालून घेतला. येत्या निवडणुकीसाठी तीन भिंतींवर तसं रंगवूनही ठेवलंय.

मंडळी, शाळा बंद करायच्या त्या कागदावर माझी सही होती.

थांबा, बोलू द्या मला. नगरसेवकाची संमती म्हणून पुढे केला तो कागद गुजरातीत होता. मी गुजराती बोलतो फाडफाड, वाचताना मात्र अडखळतो. चार मोठ्या माणसांत 'वाचून सांगा' म्हणायची लाज वाटली. सही ठोकली आणि वर चहा प्यालो. आपल्या पोरांची शाळा, आणि मी चहा प्यालो.

नानांनी ती सही कचेरीत पाहिली होती. मला वाटलं, गेलो, आता पहिल्या पानावर येणार. नाही आली. शेवटी मीच छापखान्यात गेलो. विचारलं, "नाना, का नाही छापलं?" नाना म्हणाले, "मी छापलं तर लोक म्हणतील, पडल्याचा राग काढतो. ही तुनी बातमी से. तू लिखी दे, मी छापसू." म्हणजे माझी बातमी, लिहायची मीच.

चार वर्षं, मंडळी. रस्त्यात विचारलं. लग्नाच्या पंगतीत विचारलं. न्हाव्याकडे माझी अर्धी दाढी झालेली असताना आरशातून विचारलं, "भटू, लिखं का?" मी म्हणायचो, पुढच्या आठवड्यात, नाना. ते म्हणायचे, बरं. कधी चिडले नाहीत. कधी कुणाजवळ बोललेही नाहीत.

शेवटचा गेलो ते दवाखान्यात. मोसंबी घेऊन गेलो. नानांनी मोसंबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काहीच विचारलं नाही. चार वर्षांत पहिल्यांदा विचारलं नाही. ते मला फार लागलं. अजून लागतंय.

काल बसून लिहिलं आणि नानींकडे दिलं. रविवारचा अंक नानी काढणार आहेत. पानभर लिहिलं होतं. नाना दीपस्तंभ, नाना वटवृक्ष, काय काय. नानींनी चष्मा लावला, लाल पेन्सिल घेतली आणि म्हणाल्या, "दीपस्तंभ कसला? घरातला दिवा गेला तर त्यांना फ्यूज घालता येत नव्हता. बातमी तेवढी ठेव." तीन ओळी ठेवल्या. वाचतो.

'आपली शाळा बंद करण्याच्या कागदावर नगरसेवक भटू यांची सही होती. कागद त्यांनी वाचला नव्हता. शाळा त्यांनी वाचवलेली नाही.'

खाली माझी सही आहे. ही मी वाचून केली.

भिंती उद्या मीच पुसतो. निवडणुकीत माझं काय करायचं ते तुम्ही ठरवा. नाना असते तर म्हणाले असते, ते लोकांचं काम.

आता एकच विनंती. शेजारच्या कारखान्याने नानांसाठी दोन मिनिटं कापडाचे खडखडणारे लूम थांबवायचं कबूल केलंय. दिवसाउजेडी भेस्तानात अशी शांतता आपण कुणी ऐकलेली नाही. ऐका... थांबले बघा. उठा मंडळी. नाना, नमस्कार.